दोन पाट आणि एक कोपरा

चिखलीतल्या घराच्या पार्किंगमध्ये ज्योतीरामनं राउटर मशीन आणलं, तेव्हा त्यानं आधी नारळ फोडला, मग मशीनला हळदकुंकू लावलं आणि मग बायकोला बजावलं, "सुमे, ह्याला हात लावायचा न्हाई. बोट गेलं तर शोधून सापडायचं न्हाई."

"मला काय करायचंय त्याला हात लावून?" सुमनताई म्हणाल्या, आणि मनात म्हणाल्या, बघूच.

आता हे मशीन काय असतं ते आधी सांगायला हवं. दोन मुठींनी धरायचं, खाली सपाट तळवा, तळव्याच्या भोकातून गरगर फिरणारं पातं. लाकडावरून सरकवलं की काठ गोल करतं, खाच पाडतं, नक्षीची रेघ ओढतं. पण त्याला वाट दाखवावी लागते, नुसतं सोडलं तर ते मनाला येईल तिकडे जातं. म्हणून त्याला गाइड असतात. काठाला घासत चालणारी लोखंडी पट्टी, गोल कापायला कंपाससारखी दांडी, पात्याच्या टोकाला बसवलेलं बेअरिंग. ज्योतीरामनं सगळं आणलं. चाकणच्या कंपनीत मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा सुटा भाग, लावण्यात त्याचा उभा जन्म गेलेला. भिंतीवर फळा ठोकून त्यानं प्रत्येक हत्याराच्या आकाराची पिवळी आकृती रंगवली, कंपनीत करतात तशी, म्हणजे जिथली वस्तू तिथंच जावी. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, पायात सेफ्टी शूज. अरे, घरच्या पार्किंगमध्ये!

आणि एवढं सगळं नटून पहिल्याच पोळपाटाचा काठ त्यानं असा खाल्ला, की उंदरालासुद्धा लाज वाटावी.

कारण अगदी साधं होतं. ज्योतीराम देवभोळा. काम सुरू करताना फळीच्या ईशान्य कोपऱ्याला नमस्कार करायचा आणि प्रदक्षिणा घालावी तसं उजवीकडून, घड्याळाच्या काट्यासारखं, फळीभोवती फिरायचं, हा त्याचा नेम. त्यात पातंही फिरतं त्याच दिशेनं. फळीच्या बाहेरच्या काठानं असं गेलं की पातं कापायचं सोडून रस्त्यावरच्या चाकासारखं पळत सुटतं, आणि मागनं माणूस फरफटत जातो. वर पुन्हा कंपनीची सवय. "आमच्या मशीनवर अशाच दिशेनं कट घेतात, फिनिश बघ कसा येतो," असं तो ऐकवायचा. तिकडे जॉब लोखंडी टेबलाला आवळलेला असतो आणि मशीन जागचं हलत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं. एके दिवशी लाकूड ओलं, एके दिवशी पातं भिकार, एके दिवशी लाइटच कमी दाबाची. सुमनताई चहाचा कप हातात देत ऐकून घ्यायच्या. एकदा मात्र राहवेना म्हणून त्या बोलून गेल्या, "अहो, उलटं फिरवून बघा की एकदा."

"शुभ कामाला उलटी फेरी? खुळी का काय तू!"

झालं. पुन्हा त्यांनी तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं नाही, पण हात कोण धरणार? सुमनताई शिवणकाम करायच्या. अर्ध्या गल्लीचे ब्लाउज त्यांच्या हातून गेलेले. शिलाई सरळ यायला मशीनला पट्टी लावायची, कापड पट्टीला टेकवून ठेवायचं, सुईकडे न बघता पट्टीकडे बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. ज्योतीराम पहिल्या शिफ्टला गेला की त्या मोबाइलवर चार व्हिडिओ बघायच्या, पदर खोचायच्या, नवऱ्याचा गॉगल डोळ्यांवर चढवायच्या आणि टाकाऊ प्लायच्या तुकड्यांवर राउटर चालवायच्या. पहिल्यांदा मशीन सुरू झालं तेव्हा त्यांनी ते लगेच बंद केलं, हे खरं. पण काठ आपल्या पोटाशी ठेवून डावीकडून उजवीकडे नेलं, तर ते अगदी निमूट चालायला लागलं. त्यांना इतकं हसू आलं की मशीन बंद करून खाली बसावं लागलं. काम झालं की भुसा झाडायचा, आणि मशीन पिवळ्या आकृतीत जसंच्या तसं. चोरी लपवायची इतकी नीट सोय दुसऱ्या कुठल्या नवऱ्यानं करून दिली असेल?

मग त्यांनी एक खोडी काढली. ज्योतीरामनं बिघडवलेला पोळपाट चुलीत घालायला देऊन टाकला आणि त्याच्या जागी आपण कापलेला ठेवला. कंपासच्या दांडीनं कापलेला, चंद्रासारखा गोल. संध्याकाळी ज्योतीराम आला, पोळपाट बघितला, उलटा केला, पुन्हा बघितला.

"काल तुम्ही दमला होता," सुमनताई निर्मळ चेहऱ्यानं म्हणाल्या. "उजेडात बघा बरं, काय वाईट झालाय?"

ज्योतीरामनं क्षणभर बायकोकडे पाहिलं. मग मिशीवरून बोट फिरवलं. "हात बसायला लागलाय," तो म्हणाला.

बसला की! त्यानंतर जे जे बिघडेल ते ते दुसऱ्या दिवशी सुधारायचं. साइड टेबल सुधारलं, देवापुढचा चौरंग सुधारला. आणि आयत्या बिळावर नागोबा व्हायला कितीसा वेळ लागतो? ज्योतीराम कंपनीच्या बसमध्ये फोटो दाखवायला लागला. देहूरोडच्या मित्राला घरी बोलावून चौरंगावर हात फिरवायला लावला. सुमनताई आत पोळ्या लाटत ऐकायच्या. आधी आधी गंमत वाटायची. मग गंमत वाटेनाशी झाली.

त्याचं कारण म्हणजे दिव्याचं लग्न. त्यांची लेक दिव्या एका कंपनीत क्वालिटी बघायची, तिथंच शार्दूल भेटला. मुलाचे आईवडील सांगवीचे. वडील मधुसूदन ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त झालेले, आई मृदुला शाळेत शिकवणाऱ्या. माणसं भली. बोलणी झाली आणि रुखवत काय काय मांडायचं याची चर्चा निघाली. रुखवत म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडच्यांनी मांडलेलं हातचं काम. बायका त्याच्याभोवती गोळा होतात, वस्तू उचलून बघतात आणि एकच प्रश्न विचारतात, "कुणी केलं?" ज्या बाईचं नाव घेतलं जातं, तिच्याकडे मग सगळा हॉल वळून बघतो. सुमनताईंनी दुसऱ्यांच्या पोरींच्या रुखवतासाठी कितीतरी शिवून दिलं होतं. तिथं नाव घेतलं जायचं ते नवरीच्या आईचं. आता त्या स्वतः नवरीची आई होत्या. वधूवरांना बसायचे दोन सागवानी पाट त्यांच्याच हातचे असावेत आणि कुणी विचारलं तर त्यांचं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि ज्योतीराम गावभर सांगून मोकळा झालेला, "रुखवतात यंदा बापाचं काम!"

पाटासाठी साग आणला होता सुमनताईंच्या भावानं, भैरूनं. परांड्याकडे शेताच्या बांधावरचं झाड वादळात पडलं, त्याच्या फळ्या जोडून घेतलेल्या. बरोब्बर दोन पाट होतील एवढ्याच. ज्योतीराम कामावर असताना सुमनताईंनी त्यांचे काठ गोल करून ठेवले, आणि ज्योतीरामनं ते आपणच केल्याचं नेहमीप्रमाणे मानून घेतलं. आता राहिली होती वरची नक्षीची रेघ, चारी काठांना समांतर. ती एकदा वाकडी गेली की गेली. सागाला रबर नसतं.

तेवढ्यात मधुसूदनरावांचा फोन आला. "ज्योतीरामराव, रविवारी आम्ही दोघं येतो म्हणतो. दिव्यानं फोटो दाखवले. मला एकदा तुमचा हात प्रत्यक्ष चालताना बघायचाय हो."

"या की व्याही! तुमच्या डोळ्यांदेखत दोन्ही पाटांची रेघ मारतो!"

सुमनताईंच्या हातातली कढई ओट्यावर आदळली. ह्या माणसाला काय म्हणावं! नमस्कार करून हा प्रदक्षिणेला निघणार, पट्टी काठापासून सुटणार, आणि भैरूचा साग व्याह्यांच्या डोळ्यांदेखत नासणार. पाट जाणार, अब्रू जाणार, आणि पोरगी सासरी जाण्याआधीच तिच्या बापाचं हसं होणार. सरळ सांगावं तर? "खुळी का काय" ऐकावं लागलं असतं, आणि मशीनला पुन्हा हात लागला नसता.

त्या दिवशी जेवताना ज्योतीराम नेहमीप्रमाणे कंपनीचं सांगत होता. नवा पोरगा जॉब उलटा लावायचा, तर यानं फिक्स्चरला, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याला, अशी खुंटी ठोकली की उलटा बसेचना. "माणूस चुकणारच," तो घास चावत म्हणाला. "त्याला शिव्या घालून उपयोग न्हाई. चुकता येऊ नये अशी सोय करायची."

सुमनताईंनी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लायची चौकट केली. पाट मधोमध घट्ट बसेल आणि चारी बाजूंनी त्याच्यापेक्षा उंच भिंत राहील अशी. आता पट्टीचं काम नाही. मशीनचा तळवा भिंतीला आतून घासत जायचा. आणि खरी मेख पुढं. बाहेरच्या काठानं जाताना जी दिशा चुकते, तीच आतल्या भिंतीनं जाताना बरोबर ठरते. उजवी प्रदक्षिणा घातली की पातं मशीनला भिंतीपासून सोडवत नाही, उलट भिंतीला चेपून धरतं. नवरा वळत नव्हता, तर त्यांनी भिंत बाहेरून आत आणली होती. टाकाऊ तुकड्यावर त्यांनी नवऱ्यासारखाच ईशान्येला नमस्कार केला आणि एक फेरी मारून बघितली. रेघ सुतासारखी.

"हे काय?" संध्याकाळी ज्योतीरामनं विचारलं.

"आडोसा. भुसा उडतो तुमचा. विहीणबाई चांगली साडी नेसून यायच्या."

ज्योतीराम चौकटीच्या आतून एक बोट फिरवत राहिला. "बरं," तो म्हणाला.

रविवारी मंडळी आली. चहापोहे झाले. पार्किंगमध्ये मधुसूदनराव पुढे सरसावून उभे राहिले, मृदुलाताई पदर सावरत खुर्चीत टेकल्या, दिव्या मोबाइल घेऊन शूटिंगला सज्ज. ज्योतीरामनं हेल्मेट घातलं, ईशान्य कोपऱ्याला नमस्कार केला, मशीन सुरू केलं. सुमनताईंनी डोळे मिटून घेतले आणि नुसता आवाज ऐकत राहिल्या. आवाज कुठंच दचकला नाही. चार कोपरे, चार वळणं, आणि मशीन थांबलं.

"वा!" मधुसूदनराव वाकून बघत होते. "वाहवा! काय रेघ आहे! मृदुला, बघ गं. आणि ही चौकट, ज्योतीरामराव, ही कल्पना कुणाची? दिशा कशी साधलीय! मोठं डोकं चालवलंय कुणीतरी."

सुमनताईंनी डोळे उघडले. आता म्हणतील. आता तरी म्हणतील.

"आपलंच डोकं की," ज्योतीरामनं हेल्मेट काढून घाम पुसला. "जन्म गेला फिक्स्चर लावण्यात."

सुमनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसतमुखानं त्या पुढे झाल्या, पहिला पाट चौकटीतून काढला, भिंतीला टेकवला. मग चौकटच उचलली आणि बाजूला ठेवली. टेबलावर दुसरा पाट ठेवून तो आवळला.

"व्याह्यांना तुमचा हात बघायचाय," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "चौकटीनं काय, कुणीबी करील. हा दुसरा तुमच्या नेहमीच्या पट्टीनं करून दाखवा. बाहेरच्या काठानं."

"हो हो, तेही बघायचंय," मधुसूदनराव खूश होऊन म्हणाले.

ज्योतीरामनं पट्टी बसवली. ईशान्य कोपऱ्याशी गेला. नमस्कार केला. मशीन टेकवलं. आणि सुमनताई भानावर आल्या. अगं बाई, हे आपण काय केलं! रागाच्या भरात भैरूचा साग पणाला लावला. पोरीचा पाट! दुसरी फळी कुठून आणायची? "थांबा" म्हणायला त्या एक पाऊल पुढे आल्या.

ज्योतीरामचं बोट बटणावर होतं. ते तसंच राहिलं. त्यानं पाटाकडे बघितलं, बाजूला ठेवलेल्या चौकटीकडे बघितलं, मग बायकोकडे. सुमनताईंचा चेहरा पांढरा पडलेला. त्यानं मशीन उचलून टेबलावर आडवं ठेवलं.

"व्याही, हे मला जमत न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाईच जमत. चौकट हिची. पोळपाट हिचा, चौरंग हिचा, या पाटांचे काठबी हिचेच. मी बिघडवतो, ही बदलून ठेवते."

"बाबा!" दिव्याच्या हातातला मोबाइल खाली आला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सुमनताई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाहुणे, व्याही, सगळं विसरल्या. "पहिल्यापासनं?"

"कुरतडलेला काठ एका रात्रीत गुळगुळीत होतो व्हय गं? डोळे हायत मला."

"आणि मिशीला पीळ देत हिंडलात इतके दिवस? माझ्या जिवावर? लाज कशी न्हाई वाटली!"

"वाटत होती की," ज्योतीराम म्हणाला. "पण कौतुक गोड लागतं गं. सोडवत न्हाई."

मृदुलाताईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. मधुसूदनराव इकडे बघत होते, तिकडे बघत होते. ज्योतीरामनं गॉगल काढला आणि बायकोपुढे धरला. "ये. तू कर. मी वायर धरतो."

राग होता, गेला नव्हता. पण एवढ्या माणसांसमोर, राजरोस, पिवळ्या आकृतीची काळजी न करता ते मशीन हातात घ्यायचं म्हणजे काय, ते सुमनताईंनाच ठाऊक. पदर खोचला. गॉगल चढवला. काठ पोटाशी घेऊन डावीकडून उजवीकडे निघाल्या. मागं ज्योतीराम वायरचं वेटोळं हातात धरून पावलागणिक सोडत होता. पहिली बाजू झाली. दुसरी झाली. "विहीणबाई, काय हात आहे हो तुमचा!" मृदुलाताई खुर्चीतून उठल्या. तिसरीही झाली. "मी आमच्या शाळेत सांगणार आहे सगळ्यांना, पाट कुणी केले ते. सुमनताईंनी!"

ते नाव कानावर पडलं आणि सुमनताईंना राहवलंच नाही. शेवटच्या कोपऱ्यावर येता येता त्यांनी मान वळवून विहीणबाईंकडे बघितलं आणि तोंडभर हसल्या.

खर्रकन आवाज झाला. पट्टी काठापासून सुटली, रेघ कोपरा सोडून जवाच्या दाण्याएवढी पुढे गेली. सुमनताईंनी मशीन बंद केलं. सागाच्या पाटावर, अगदी नवरीच्या उजव्या हाताशी येईल तिथं, ती रेघ आगाऊपणानं बाहेर डोकावत होती. आयुष्यात पहिल्यांदा नाव घेतलं गेलं, आणि त्याच घटकेला! सुमनताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आयला, वायर!" मागून ज्योतीराम ओरडला. "माझ्या पायात आली हो वायर! ओढली गेली. व्याही, चूक माझी. हिचा हात चालला होता नीट, मीच मधी कडमडलो."

सुमनताईंनी वळून बघितलं. वायर सैल होती. तिचं वेटोळं जसंच्या तसं ज्योतीरामच्या हातात होतं, आणि पायांच्या आसपास कुठं वायरच नव्हती. ज्योतीराम छताकडे बघत उभा होता, गंभीर चेहऱ्यानं, सगळं पाप आपल्या डोक्यावर घेऊन. इतके दिवस बायकोचं चांगलं काम आपल्या नावावर लावणारा हा माणूस आज तिचं वाईट काम आपल्या नावावर लावून घेत होता. सुमनताईंना एकदम भरून आलं. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

खरं सांगून टाकावं का? मृदुलाताई त्यांच्याकडे बघत होत्या. मधुसूदनराव चष्मा पुसत होते. दिव्या मोबाइलमध्ये शूटिंग तपासायला निघाली होती, तिला सुमनताईंनी नुसत्या डोळ्यांनी दटावलं.

मग त्यांनी गॉगल कपाळावर ढकलला, नाकानं एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, अहो, वायर नीट धरा म्हणून."